बरं वाटून परत आलेला पलंग

६ जानेवारी, सोमवार

केंद्राच्या बैठकीत अनुदानाच्या अर्जाचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे, नाना गायधनींनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकीच्यांनी आपापल्या चहाच्या कपात. पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत माझी हयात गेली. छापील कागद दिसला की लोकांना हा कुलथे आठवतो, त्याला माझा इलाज नाही.

आमचं रुग्णसाहित्य केंद्र म्हणजे नानांच्या इमारतीखालचं पार्किंग, तिन्ही बाजूंनी पत्रे ठोकलेलं. पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी. ज्याच्या घरी आजारपण असेल त्यानं न्यावं, काम झालं की आणून द्यावं. भाडं नाही. आता ती इमारत पाडून नवी होणार आहे आणि पाडव्याच्या आत जागा मोकळी करायची आहे. नानांचा मुलगा महेश म्हणाला, "काका, बिल्डर आम्हालाच स्कूटर ठेवायला जागा देईना, तुमचे पलंग कुठे ठेवू?" गावातच द्वारका चौकाजवळ एक गाळा भाड्यानं मिळतो आहे. सातपूरच्या एका कंपनीची समाजकार्याची संस्था आमच्यासारख्या मंडळांना अनुदान देते. ते मिळालं तर गाळा, नाही तर केंद्र बंद.

मालिनीसाठी नोव्हेंबरात मीही इथूनच पलंग नेला आहे, रीतसर अनामत भरून. पायथ्याचा दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू उचलली जाते. फक्त फिरवताना तो दांडा किंचाळतो. आज मालिनी म्हणाली, "अहो, दोन थेंब तेल सोडा ना त्यात." उद्या सोडतो.

९ जानेवारी, गुरुवार

चांगली बातमी आहे. डॉक्टरांनी मालिनीचं पथ्य उठवलं. म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या. इकडे आणण्याची दगदगही नको, काही लागलं तर मला फोन करा." स्वतःचा मोबाइल नंबर लिहून दिला. एवढा मोठा डॉक्टर, आपण होऊन नंबर देतो! सुधारणा असल्याशिवाय पोटाच्या आजारात कोणी पथ्य उठवत नाही.

यशश्री, आमची मुलगी, त्यांच्याशी बोलायला मागे थांबली होती. बाहेर आली तेव्हा डोळे चोळत होती. मुंबई नाक्याकडे रस्ता खणून ठेवलाय, धूळ फार आहे. ती पुण्याहून आली आहे ती आता इथेच राहून काम करणार. ऑफिसनं परत येण्याची तारीखही विचारलेली नाही म्हणे. हल्लीच्या कंपन्या समजूतदार झाल्या आहेत.

येताना मालिनीनं मिसळ मागितली. कितीतरी महिन्यांनी. दोन चमचे खाल्ली आणि बाकीची माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही खा, मी बघते," म्हणाली. तर्री झणझणीत होती.

१३ जानेवारी, सोमवार

संस्थेकडून पाहणीसाठी तेजस्विनी नावाची मुलगी आली. निफाडकडची, घरची द्राक्षबाग, बोलायला नम्र. तिला केंद्र आवडलं असावं, कारण तिनं प्रत्येक वॉकर धरून दोन पावलं टाकून पाहिली. मग अर्ज काढला. सगळे रकाने भरण्यासारखे होते, सातवा सोडून. 'लाभार्थी रुग्णांपैकी किती बरे झाले.'

नाना म्हणाले, "ते आम्ही विचारत नाही."

हे खरं आहे. नानांचा एक रिवाज आहे. कोणी वस्तू परत घेऊन आलं की नाना त्याला खुर्ची देतात, गुळाचा खडा आणि पाणी देतात, आणि म्हणतात, "ठेवा तिथे." पेशंट कसा आहे, का परत आणलं, अवाक्षर नाही. नंतर वस्तू धुऊन, पुसून, उन्हात टाकून पुन्हा जागेवर. नेणारे मात्र हमखास विचारतात, "यावर कोणी गेलं तर नाही ना?" त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं. "नाही हो. बरं वाटून परत आलाय." माझ्या दृष्टीनं हे विधान तपासलेलं नाही आणि तसं मी त्यांना पूर्वी सांगितलंही आहे. ते नुसते हसतात.

तेजस्विनी म्हणाली, "नाना, मला कळतंय. पण हा रकाना मोकळा असेल तर अर्ज समितीपुढे जातच नाही. इम्पॅक्ट दाखवावाच लागतो."

मी म्हटलं, नेणाऱ्यांचे फोन नंबर आहेत, मी एकेकाला विचारतो. महिनाअखेर आकडा तयार. ती खूश झाली. नाना काही बोलले नाहीत. त्यांचं मौन ही संमती असं मी धरलं.

१६ जानेवारी, गुरुवार

मालिनीनं हौसेनं संक्रांतीचं हळदीकुंकू केलं, पलंगावर बसूनच. त्यासाठी दांडा वर फिरवला तेव्हा तो असा किंचाळला की समोरच्या फ्लॅटमधल्या अक्काबाई दारात आल्या. नवं वाण आणायला वेळ झाला नव्हता, म्हणून मालिनीनं घरातलंच वाटलं. पितळी डबे, चांदीची करंडी, तिच्या आईचा तांब्या. कोणाला काय द्यायचं ते तिनं आधीच ठरवून ठेवलेलं दिसलं. मी यशश्रीला म्हटलं, कपाटात जागाही झाली. यशश्री स्वयंपाकघरात निघून गेली.

बायका जाताना तिचे हात फार वेळ हातात धरून ठेवत होत्या. पलंग दाराजवळच असल्यानं वाटेत जरा कोंडी झाली.

१८ जानेवारी, शनिवार

फोन सुरू केले. आधी तीन गट पाडले: बरे, सुधारणा, इतर. 'इतर' हा शब्द मी बराच विचार करून काढला.

पहिलाच फोन सिडकोतल्या एका बाईंना. मी म्हटलं, रुग्णसाहित्य केंद्रातून बोलतोय, आपले यजमान आता कसे आहेत? त्यांनी फोन ठेवून दिला. थोड्या वेळानं त्यांचाच परत आला. मग त्यांनी यजमानांच्या शेवटच्या दिवसाचं सगळं सांगितलं: सकाळी काय खाल्लं, कोण भेटायला आलं, उशी कशी बदलायला लावली. मला मध्ये बोलता येईना. शेवटी म्हणाल्या, "तुमचं जेवण झालं का?" मी 'इतर' लिहिलं.

सटाण्याकडच्या एकानं आईसाठी पलंग नेला होता. तो म्हणाला, "मनी माय आते नही शे, भाऊ. तुमना पलंग चांगला व्हता." हेही 'इतर'.

मालेगावच्या एका दुकानदारानं मलाच उलट विचारलं, "आत्ता का विचारताय?" मी म्हटलं, अनुदानासाठी. तो म्हणाला, "अच्छा." एवढंच, पण ते 'अच्छा' मला दिवसभर आवडलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

'इतर' वाढत चालला आहे. अपेक्षित नव्हतं. वॉकर आणि कुबड्यावाले बहुतेक बरे होतात, पलंगवाले नाही. आकडा काढताना वॉकर वर घ्यावेत.

आज एक मात्र चांगला फोन झाला. निफाडच्या पुढचे सावळीराम म्हणून गृहस्थ. बायकोसाठी, कुसाबाईंसाठी, पलंग नेला होता. मी विचारलं, बाई कशा आहेत? एकदम खुलले. "बरी हाय ना साहेब! लय बरी हाय. आत्ता वट्यावर बसून मेथी निवडतीय. गुडघं बोलत्यात तेवढं, पण तोंड त्याच्या वरताण." हसले. मीही हसलो. पलंगावरून उठून मेथी निवडण्यापर्यंत! हे नाव 'बरे'मध्ये सगळ्यात वर लिहिलं आणि घरी येऊन मालिनीला सविस्तर सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि मला कुठे घातलंत?"

"सुधारणा."

तिला हसू आलं. हसताना पोट धरावं लागलं. "पेन्सिलीनं लिहिलंय ना?"

"शाईनं."

"तुमचं आपलं सगळं शाईनं," ती म्हणाली. मग म्हणाली, "दांड्यात तेल घाला हो. उठवलं की सगळ्या वाड्याला कळतं." आमची चार मजली सोसायटी आहे, पण तिची बोलायची सवय माहेरची, लासलगावची. उद्या घालतो. आज फोन बरेच बाकी होते.

२८ जानेवारी, मंगळवार

दुपारी केंद्रात एकटाच होतो. एक पागोटंवाले म्हातारे गृहस्थ एसटीनं आले, हातात मेथीच्या दोन जुड्या. नाव सांगितलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. सावळीराम. म्हटलं, या या, कुसाबाईंना का नाही आणलंत?

ते खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "साहेब, ती नाय हो. मागल्याच्या मागल्या दिवाळीला गेली."

मी म्हटलं, पण फोनवर तुम्ही...

"तुम्ही इचारलं ना, बाई कशी हाय म्हनून. लय दिवसांत कुनी इचारलं नव्हतं. घरात तिचं नाव काढलं की पोरं म्हनत्यात, बाबा, आता पुरे. मंग तुम्ही इचारलं तर तोंडातनं निघूनच गेलं. निघालं ते निघालं, वर बोलतच ऱ्हायलो." पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "मागनं सुनबाई म्हनली, त्ये कागदावर लिहून घेत्यात, खोटं सांगू नये. तुमचं काम आडायला नको. म्हनून आलो."

गुळाचा डबा पुढे केला. पाणी दिलं. त्यांनी खडा तोंडात टाकला आणि पलंगांकडे बघत बसले. मग विचारलं, "त्यातला तिचा कोनता?" मला माहीत नव्हतं. पण मी उठून कोपऱ्यातला दाखवला. ते गेले, गादीवर हात फिरवला, आणि शेवटच्या एसटीच्या भीतीनं लगेच निघालेही.

नानांच्या नंतर हे दुसरं न तपासलेलं विधान, आणि या वेळी माझं. फार वाईट वाटलं. कशाचं ते नीट सांगता येत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

नानांना सावळीरामांचं सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. ते पलंगाच्या पट्ट्या फडक्यानं पुसत होते, पुसतच राहिले.

"कुलथे, मी रामकुंडावर दहाव्याचे विधी करत आलो, माझ्या आधी वडील, त्यांच्या आधी आजोबा करत होते. समोर माणूस बसला की पहिलं काय विचारायचं? नाव काय, गोत्र काय, कधी गेले. मुलगा पंचविशीतला असो की साठीतला, 'कधी गेले' म्हटलं की एक क्षण थांबतोच. तोंडातून ते पहिल्यांदा काढावं लागतं ना. मी ते सगळ्यांकडून काढून घेतलं. धंदाच तो. म्हणून ठरवलं, इथे नाही विचारायचं. वस्तू आली, ठेवा तिथे. बस."

मी म्हटलं, मग गाळ्याचं काय?

"ते तुम्ही बघा. तुम्हाला अर्ज कळतात."

टोमणा होता की नाही, कळलं नाही. नानांचं तसं कधीच कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

वॉकर वर घेतले तर आकडा सन्मानजनक दिसतो. अर्ज जवळजवळ तयार.

मालिनीला झोप जास्त लागते आहे. विश्रांती मिळते ते बरंच. जागी असली की यशश्रीला सांगत असते: बाबांना चहात साखर किती, विजेचं बिल कुठल्या खणात, त्यांचे पांढरे शर्ट वेगळे भिजव. मी म्हटलं, हे सगळं तूच बघतेस की. ती म्हणाली, "हो ना."

५ फेब्रुवारी, बुधवार

आज दांडा फिरवला नाही. उठून बसायला नको म्हणाली. घर शांत होतं.

सातवा रकाना शाईनं भरायचा होता, तो राहिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मालिनी सात तारखेला दुपारी गेली.

दहाव्याला नाना स्वतः बसले. त्यांनी घाटावर बसणं केव्हाच सोडलं आहे, पण म्हणाले, हे दुसऱ्या कोणी करायचं नाही. आमच्या घरी त्यांनी असंख्य वेळा चहा घेतलेला आहे, मालिनीला ते वहिनी म्हणत. तरी विधीत विचारावंच लागतं. समोर बसून विचारलं, "नाव?" मी सांगितलं. "गोत्र?" सांगितलं. "कधी गेल्या?"

मी थांबलो. नाना खाली पाण्याकडे बघत राहिले. घाई केली नाही.

सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांना, यशश्रीला, अक्काबाईंना, मिसळवाल्यालाही बहुधा. मालिनीला तर सगळ्यात आधी. मलाही माहीत असणारच, नाही तर रोजच्या रोज इतकं लिहून कशाला ठेवलं असतं. तिला एकदा नीट विचारायला हवं होतं, तुला काय होतंय म्हणून. जगाला फोन करून विचारत होतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

यशश्री म्हणाली, पलंग मी देऊन येते. मी म्हटलं, नको. टेम्पो केला आणि पलंग केंद्रात नेला.

नानांनी खुर्ची दिली. गुळाचा खडा दिला, पाणी दिलं. "ठेवा तिथे," म्हणाले.

या केंद्रात मी किती वर्षं येतो आहे, पण त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. गूळ पूर्ण विरघळेपर्यंत बसलो. कोणी काही विचारलं नाही. फार बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज पाठवला. सातव्या रकान्यात लिहिलं: 'हे आम्ही विचारत नाही. वस्तू परत आली की स्वच्छ करून पुढच्या घरी देतो.' खाली सही केली. गट पाडलेले कागद फाडून टाकले. सेवेत असताना एक कागद फाडला नव्हता.

नानांना वाचून दाखवलं. म्हटलं, याच्यावर अनुदान मिळणार नाही. ते म्हणाले, "नाही मिळायचं." आणि बऱ्याच दिवसांनी मला टाळी दिली.

१९ मार्च, बुधवार

नाही मिळालं. पत्र सभ्य भाषेत होतं, 'यंदाच्या निकषांत बसत नाही.' तेजस्विनीचा वेगळा फोन आला. "सर, मी समितीत दोनदा वाचून दाखवलं. एक जण म्हणाले, वाक्य छान आहे." माझ्या वाक्याला खात्यात कधी कोणी छान म्हटलं नव्हतं. ती पोरगी रडवेली झाली होती, मीच तिची समजूत काढली.

द्वारकेचा गाळा गेला. पाडवा तोंडावर आला आहे. महेश पत्रे काढायला माणसं कधी आणू म्हणून अदबीनं विचारतो आहे.

२३ मार्च, रविवार

यशश्रीला पुण्याला परत जायचंय. आज म्हणाली, "बाबा, आईची खोली बंद करून ठेवू नका हं." मी म्हटलं, खोली तळमजल्यावर आहे, दार रुंद आहे, व्हीलचेअर सरळ आत येते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम गळ्यात पडली. मुलं मोठी झाली तरी समजायला जड असतात.

सोसायटीची परवानगी लागेल. अर्ज मी लिहिला आहे.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. सगळं सामान घरी आलं. अक्काबाईंनी वॉकर पुसले, नानांनी गुळाचा डबा आणि खुर्ची दाराजवळ मांडली. पलंग मावेनात, काही उभे करावे लागले. मालिनीचा मात्र तिच्याच जागी बसला, भिंतीला लागून, कारण तिथे त्याच्या पायांचे डाग होते आणि टेम्पोवाल्यानं बरोबर त्यावरच ठेवला.

संध्याकाळी पहिला माणूस आला. तनय नावाचा मुलगा, नवी नोकरी असावी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. वडिलांना घरी आणायचं होतं. पलंग त्यानं नेमका तोच पाहिला. सगळे विचारतात तेच त्यानंही विचारलं, जरा ओशाळून. "काका, यावर कोणी गेलं तर नाही ना?"

नाना खुर्चीवर होते. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नाही रे," मी म्हटलं. "बरं वाटून परत आलाय."

"नक्की ना?"

"नक्की. माझ्याच घरी होता."

त्याचा चेहरा सैल झाला. टेम्पो यायला वेळ होता. त्याला म्हटलं, जरा थांब. स्वयंपाकघरातून तेलाची वाटी आणली, दांड्याच्या खोबणीत तेल सोडलं आणि तो पुढे-मागे फिरवत राहिलो, अजिबात आवाज येईना तोपर्यंत.